चंद्रण्णाचं मशीन

अंबुबाई पहिल्यांदा आली ती नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, दुपारी. विमला स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. तिच्या नवऱ्याला, चंद्रकांतला, जाऊन तीन महिने झाले होते. शाळेत ती सहावी-सातवीला गणित शिकवायची. तिथली रजा तिनं दोनदा वाढवून घेतली होती आणि दिवसभर घरातच अशी न संपणारी कामं काढून बसायची. सासरे रघुजी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर असायचे. बंगळूरच्या चिकपेटेतल्या रेशमाच्या दुकानात चाळीस वर्षं उभं राहून काढलेला माणूस, आता त्यांना उठायला कारण उरलं नव्हतं. दोघं एकमेकांशी जेवणापुरतं बोलत.

अंबुबाई बनशंकरीच्या बस स्टँडमागच्या ट्रस्टच्या दवाखान्यात कामाला होती. क्षयाच्या पेशंटांना दिवसाआड समोर बसवून गोळ्या द्यायच्या आणि जो आला नाही त्याला घरी जाऊन धरून आणायचं, हे तिचं काम. पन्नाशीची, काटक बाई. ती दारातच उभी राहिली.

"आत या, अंबुअक्का."

"नको, पाय धुळीचे आहेत. विमलम्मा, दवाखान्यातलं मशीन अडकलंय. चालू होतं, पण पुढं जाईना. पासवर्ड द्या म्हणतंय."

"तुमचा देऊन बघितलात?"

"आमचा घेत नाही. चंद्रण्णांचा मागतंय, मोठा. डॉक्टर म्हणाले, विमलम्मांना विचारून या, घरी कुठं लिहून ठेवलेला असेल."

"ते असलं काही लिहून ठेवत नसत."

"त्यांचा कुणी दोस्त आहे का, ज्याला हे कळतं?"

विमला तांदळातून बोट फिरवत राहिली. "नाही," ती म्हणाली.

"सरी, बरं," अंबुबाई म्हणाली आणि गेली.

प्रदीपकुमारचा नंबर फोनशेजारच्या वहीत, पहिल्याच पानावर होता. कारखान्याच्या ऑफिसात चंद्रकांतच्याच कॉम्प्युटर सेक्शनमध्ये तो कामाला होता आणि दवाखान्यातल्या मशिनांविषयी त्याला सगळं ठाऊक होतं. विमलाला हे माहीत होतं. बाहेरच्या खोलीत बसलेल्या रघुजींनाही माहीत होतं. 

ती मशिनं सत्त्याण्णव साली आली होती. कोरमंगलाच्या एका कंपनीनं नवे कॉम्प्युटर घेतले आणि जुने तीन ट्रस्टला देऊन टाकले. एक त्या वेळी 'चारशे शहाऐंशी' म्हणत त्या जातीचा, दोन त्याहून जुने. डॉक्टर भीमाचार्यांनी त्यावर विंडोज घालून बघायला सांगितलं, तर ते सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागायची आणि मध्येच सगळं गोठून बसायचं. मशिनं कापडाखाली झाकून ठेवली गेली. चंद्रकांत एकदा खोकल्याचं औषध आणायला म्हणून दवाखान्यात गेला आणि ते कापड उचलून बघून आला.

त्यानंतर दोन महिने त्याचे सगळे रविवार तिथे गेले. ऑफिसातून तो फ्लॉपींचा गठ्ठा घेऊन आला, एकावर एक रबरबँड लावलेला. "लिनक्स," तो विमलाला म्हणाला होता. "जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय. कुणा एकाच्या मालकीचं नाही. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, वाटलं तर दुरुस्त करावं. आणि मशीन कितीही म्हातारं असू दे, त्याला झेपतं."

"आणि बिघडलं तर कुणाला विचारायचं?"

"मला," तो हसून म्हणाला होता.

चारशे शहाऐंशी मुख्य झालं. बाकीच्या दोघांना त्याला वायरीनं जोडून एक गोळ्यांच्या टेबलावर ठेवलं, दुसरं डॉक्टरांच्या खोलीत. चित्रं नाहीत, रंग नाहीत, काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं. कोण आला, किती गोळ्या गिळल्या, एवढंच अंबुबाई त्यात टाकायची. आणि रोज सकाळी आठ वाजता प्रिंटर करकरत एक कागद बाहेर टाकायचा. काल ज्यांनी यायला हवं होतं आणि जे आले नाहीत त्यांची नावं, पत्ते. तो कागद घेऊन ती बाहेर पडायची. वर्षभरात औषध अर्धवट सोडणारे इतके कमी झाले की डॉक्टरांनी जाड वह्या भरणं बंद केलं. चंद्रकांत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जाऊन मशीनची साफसफाई करून यायचा.

मग ऑगस्टमध्ये कारखान्याच्या कँटीनमध्ये डबा उघडत असतानाच त्याला चक्कर आली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. विमला हॉस्पिटलात पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. तो चव्वेचाळीस वर्षांचा होता.

अंबुबाई दुसऱ्यांदा आली ती डिसेंबर निम्मा सरल्यावर. या वेळी ती न सांगता आत येऊन बसली.

"डॉक्टरांनी एका कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं होतं," ती म्हणाली. "तो म्हणाला, असली सिस्टिम आपण कधी बघितली नाही. सगळं पुसून नवं घालावं लागेल. आतलं काही राहायचं नाही. परवा येणार आहे तो."

विमलानं तिला पाणी आणून दिलं.

"पाच आठवडे झाले, यादी नाही. जे येतात त्यांची मी चिठ्ठी करून बिस्किटाच्या डब्यात टाकते. पण जे येत नाहीत त्यांची चिठ्ठी कशी करू? साठ-सत्तर नावं डोक्यात राहतात हो. दोनशे कुठनं राहणार?" अंबुबाईनं पदरानं मान पुसली. "तुम्ही एकदा येऊन बघा की. तुम्हाला त्यांचा स्वभाव ठावा. काय शब्द ठेवला असेल ते तुम्हालाच सुचेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी विमला गेली. चंद्रकांत गेल्यावर तिनं त्या दवाखान्यात पाऊल ठेवलं नव्हतं. बाकांवर माणसं तोंडाला रुमाल लावून बसली होती. मशीन कोपऱ्यात होतं आणि पडद्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की तपासणी अर्धवट राहिली आहे, दुरुस्तीसाठी मुख्य पासवर्ड द्या.

ती खुर्चीवर बसली. आधी तिनं स्वतःचं नाव टाइप केलं. टाइप केलेलं पडद्यावर उमटतच नव्हतं, फुली नाही की ठिपका नाही. एंटर दाबल्यावर क्षणभर थांबून मशीननं नकार दिला. मग तिनं सासूबाईंचं नाव टाकलं, सावित्री. मग लग्नाची तारीख. स्कूटरचा नंबर. तो ज्या गावदेवीला दरवर्षी जायचा तिचं नाव. भाजीचं नावसुद्धा, मेथी, कारण ती त्याला फार आवडायची. अंबुबाई मागे उभी राहून बघत होती, मग कुणीतरी हाक मारली म्हणून गेली.

एक नाव राहिलं होतं. लग्नानंतर चौथ्या वर्षी त्यांना एक मुलगी झाली होती आणि ती अकरा दिवस जगली होती. बारसं झालंच नाही, पण चंद्रकांतनं हॉस्पिटलातच तिला मेघाश्री म्हणायला सुरुवात केली होती. पुढे ते नाव दोघांनीही कधी उच्चारलं नाही. हेच असणार, असं विमलाला घरून निघतानाच वाटलं होतं, आणि म्हणून तिनं ते शेवटी ठेवलं होतं. तिनं एकेक अक्षर बघून टाइप केलं. एंटर दाबलं.

मशीननं पहिल्यासारखाच नकार दिला.

तिनं ते लहान अक्षरांत टाकून बघितलं, पहिलं अक्षर मोठं करून बघितलं, नुसतं मेघा टाकलं. मग हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली. पंधरा वर्षं ती त्या माणसाच्या शेजारी झोपली होती. त्याच्या मनात येणारा, दर महिन्याला त्याच्या बोटांतून उतरणारा एक शब्द होता आणि तो तिला माहीत नव्हता.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर रघुजींनी विचारलं, "उघडलं का?"

"नाही."

"लहानपणी त्याला आम्ही बाळोजी म्हणत होतो. ते घालून बघ."

"बघते."

रघुजींनी दोन घास खाल्ले. मग ताटाकडे बघतच म्हणाले, "विमला, प्रदीपला का बोलावत नाहीस?"

खरं कारण तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. चंद्रकांतचे कपडे तिनं देऊन टाकले होते, स्कूटर विकली होती, ऑफिसातलं टेबल दुसऱ्यांनी रिकामं केलं होतं. त्यानं स्वतःच्या हातानं बंद केलेली आणि अजून तशीच बंद असलेली एकच गोष्ट उरली होती. ती दुसऱ्या कुणी उघडावी हे तिला सोसत नव्हतं.

"त्या दिवशीच मी अंबुबाईला हाक मारून सांगणार होतो," रघुजी म्हणाले. "म्हटलं, तू सांगशील."

तिनं हात धुतले आणि फोन केला. कॉम्प्युटरवाल्याला थांबवायचा निरोप अंबुबाईकडे गेला.

प्रदीपकुमार रविवारी सकाळी दवाखान्यात आला. तिशीचा, अबोल, चष्मा सारखा वर सरकवणारा. त्यानं मशीनकडे बघितलं, दोन प्रश्न विचारले आणि काय झालं ते त्याला लगेच कळलं.

"वहिनी, मशीन रोज स्वतःची डायरी लिहीत असतं. कोण आलं, काय छापलं, सगळं. चंद्रकांत दर महिन्याला जुनी पानं काढून टाकायचा. तीन महिने कुणी काढली नाहीत, डिस्क भरली. मग इथल्यांनी घाबरून बटण बंद-चालू, बंद-चालू केलं असणार. त्यात आतली रचना विस्कटली. आता ते म्हणतंय, ज्याला कळतं त्यानं येऊन बघावं."

"पासवर्डशिवाय होईल?"

"होईल. फ्लॉपीवरून मशीन चालू करायचं आणि बाजूनं आत शिरायचं. वीस मिनिटांचं काम आहे." तो तिच्याकडे बघून थांबला. "मला आधी कुणी सांगितलं असतं तर…"

"हो," विमला म्हणाली.

वीस मिनिटांचं काम. तिनं ते मनात पुन्हा एकदा म्हणून बघितलं.

फ्लॉपी बराच वेळ घरघरत राहिली. प्रदीपनं आधी डिस्क दुरुस्त करून घेतली. मग त्यानं एक फाइल उघडली. नारिंगी अक्षरांच्या पहिल्याच ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, "हा त्याचा पासवर्ड."

विमला पुढे झुकली. दोन अपूर्णविरामांच्या मध्ये तेरा अक्षरं होती. लहान-मोठी इंग्रजी अक्षरं, आकडे, मध्येच एक तिरकी रेघ. त्याचा कशाशीच काही संबंध लागत नव्हता.

"हा शब्द आहे?"

"शब्द दळून झाल्यावरचं पीठ आहे. शब्द दिला की हे तयार होतं. यावरून शब्द परत करता येत नाही, कुणालाच नाही. मशीनलासुद्धा मूळ शब्द माहीत नसतो. तुम्ही जो टाकाल तो ते दळून बघतं, आणि पीठ जुळलं तर दार उघडतं."

"म्हणजे आता?"

"आता ही तेरा अक्षरं काढून टाकायची. मग पासवर्डच राहणार नाही, आणि आपण नवा ठेवायचा."

"आणि तो जुना?"

प्रदीपनं चष्मा वर सरकवला. "तो गेला, वहिनी."

तिनं पर्समधून बसचं जुनं तिकीट काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ती तेरा अक्षरं उतरवून घेतली. लहान कुठलं, मोठं कुठलं, दोनदा तपासून बघितलं. मग म्हणाली, "मी काढते. कसं काढायचं ते सांगा."

त्यानं एक की दाखवली. एकदा दाबली की एक अक्षर जायचं. पहिलं गेलं तशी उरलेली बारा डावीकडे सरकली. विमलानं मध्ये कुठेही थांबायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाचव्या-सहाव्याला ती थांबली. बाहेर अंबुबाई कुणाला तरी पाणी देत होती. प्रदीप खिडकीबाहेर बघत उभा राहिला. मग तिनं राहिलेली काढली.

मशीन पुन्हा सुरू झालं आणि कसलाही शब्द न विचारता आत घेऊन गेलं. नवा पासवर्ड तिनं ठेवला आणि ताबडतोब कागदावर लिहून डॉक्टरांच्या कपाटात ठेवायला दिला.

डब्यातल्या चिठ्ठ्या भरायला तिला आणि अंबुबाईला दोन दिवस लागले. बुधवारी सकाळी आठ वाजता प्रिंटर करकरला. एरवी पाच-सहा नावं यायची. त्या दिवशी कागद टेबलावरून जमिनीपर्यंत गेला. चौतीस नावं होती.

अंबुबाई पेन्सिल घेऊन खुणा करायला लागली. "ही आपल्या गावी गेलीय, सांगून गेलीय. हा भेटला होता मला, चिठ्ठी करायची राहिली असेल. हा… हा…" एका नावाशी ती थांबली. "अय्यो, परसू. याला कशी विसरले मी?"

परसू रंगारी होता, बेळगावकडचा, चाळिशीचा. दुसरा महिना चालू होता त्याच्या औषधाचा. ताप उतरला होता, वजन भरत होतं, आणि अशा वेळीच माणूस औषध सोडतो असं अंबुबाई म्हणाली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर तो आलेलाच नव्हता. यादीवरचा पत्ता जवळचाच होता, पण तिथल्या शेजारणीनं सांगितलं की त्याला महादेवपुऱ्याकडे मोठ्या बिल्डिंगचं काम मिळालं, बायकोला घेऊन तिकडेच शेडमध्ये राहायला गेला.

दोघी दुसऱ्या दिवशी निघाल्या. दोन बस बदलाव्या लागल्या. दुसऱ्या बसमध्ये जागा मिळाल्यावर विमला म्हणाली, "अंबुअक्का, तुम्ही पहिल्यांदा आलात ना, तेव्हा प्रदीपचा नंबर घरात होता."

अंबुबाईनं तिकीट घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं. "ठावं आहे मला. 'नाही' म्हणालात ते तांदळाकडे बघून म्हणालात."

"मग बोलला का नाहीत?"

"माझा नवरा गेला तेव्हा त्याची सायकल मी दोन वर्षं कुणाला हात लावू दिली नाही. भाऊ मागायचा, त्याला नाही दिली. गंजून गेली जागेवर." तिनं पुढच्या सीटची दांडी धरली. "पण सायकलीवर कुणाच्या गोळ्या नव्हत्या, विमलम्मा."

महादेवपुरा आल्यावर दोघी उतरल्या.

आयटीच्या नव्या इमारती उठत होत्या तिथे. अर्धी काच बसवलेल्या एका इमारतीच्या मागे पत्र्यांच्या शेडची रांग होती. परसूच्या शेडबाहेर त्याची बायको यल्लव्वा कपडे वाळत घालत होती. आत अंधारात परसू भिंतीला टेकून बसला होता. अंबुबाईला बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला.

"बसून राहा. किती दिवस झाले खोकला?"

"थंडीचा आहे, अक्का. रंगाच्या वासानं पण होतो."

"रक्त?"

परसूनं बायकोकडे बघितलं. यल्लव्वाच म्हणाली, "आठ दिवस झाले."

"गोळ्या का सोडल्यास रे?"

"बरं वाटत होतं. आणि…" तो ओशाळून हसला. "मागं एकदा चुकवलं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही दारात हजर. या वेळी कुणी आलं नाही. म्हटलं, संपला असेल कोर्स."

विमला दारात उभी होती. पत्र्यातून ऊन आत येत होतं आणि त्यात रंगाची धूळ तरंगताना दिसत होती. तिला वाटलं, आता काहीतरी बोलावं. तेवढ्यात अंबुबाईनं परसूला उठवून बाहेर आणलं.

बाकीची तेहतीस माणसं दोन आठवड्यांत सापडली. तीसजण परत आले, दोघं गावी जाऊन तिथल्या सरकारी दवाखान्यात औषध घ्यायला लागले होते, एका म्हातारीचं घर सापडलं तेव्हा ती आधीच गेलेली होती आणि तिच्या सुनेला नक्की कशानं ते सांगता आलं नाही. परसूला गोळ्या पुन्हा सुरू केल्या. मध्ये खंड पडल्यामुळे आता त्या त्याला लागू पडेनात. मार्चमध्ये डॉक्टर भीमाचार्यांनी त्याला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथली इंजेक्शनं घेऊन तो थोडा सावरला, मग पुन्हा खाली गेला. विमला आठवड्यातून एकदा त्याला बघायला जायची. तो तिला डॉक्टरांची कुणी नातेवाईक समजायचा आणि ओळखीच्या घरांत रंगाचं काम असलं तर सांगा म्हणायचा. जूनमध्ये तो गेला.

डॉक्टरांना तिनं एकदा सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, माणूस औषध कुणामुळे सोडतो ते नक्की सांगता येत नाही, मशीन चालू असतानाही माणसं निसटायची. ते खरंही होतं. विमलाला त्याचा उपयोग झाला नाही.

जानेवारीपासून ती शाळेत परत जायला लागली होती आणि शाळा सुटली की दवाखान्यात. प्रदीपनं तिला एकेक आज्ञा शिकवली. तिनं शाळेच्या वहीत लिहून घेतल्या. डायरीची जुनी पानं कशी काढायची, डिस्क किती भरली ते कसं बघायचं, मशीन नीट कसं बंद करायचं. गणिताच्या बाईला ते जड गेलं नाही. चंद्रकांतनं लिहिलेला यादीचा प्रोग्रॅमही तिनं उघडून ओळ न् ओळ वाचला. त्यात त्यानं मध्येमध्ये स्वतःसाठी सूचना लिहिल्या होत्या. "सोमवारी आदल्या दोन दिवसांचं बघणे." "अंबुबाईला अक्षर मोठं हवं." तिच्याविषयी कुठेच काही नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं.

प्रदीपनं बसच्या तिकिटावरची तेरा अक्षरं मागून घेतली होती. ऑफिसच्या मशीनवर तो जेवणाच्या सुट्टीत शब्द दळून बघायचा, शब्दकोशातले, गावांचे, देवांचे. महिन्याभरानं तो म्हणाला, अजून एक मोठी यादी मिळालीय, ती लावतो. विमला म्हणाली, "राहू दे, प्रदीप." त्यानं कारण विचारलं नाही. ते तिकीट कुठे गेलं हे तिनंही विचारलं नाही.

नव्व्याण्णवच्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आधी, डॉक्टरांनी तिला खोलीत बोलावलं. ट्रस्टला कुणीतरी दोन नवे कॉम्प्युटर दिले होते. विंडोजवाले, प्रोग्रॅमसकट. त्यासोबत वर्षभर येऊन दुरुस्ती करणारा माणूसही.

"जुनी चालतायत की, डॉक्टर," विमला म्हणाली. "वर्षभर एक दिवस यादी चुकली नाही."

"मला माहीत आहे. पण मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. नवे येणारे हे काळ्या पडद्याचं शिकणार नाहीत. आणि उद्या तुम्ही आला नाहीत तर?" त्यांना बोलणं जड जात होतं. "विमलाबाई, मला तो नोव्हेंबर पुन्हा नको."

एका माणसावर अवलंबून असलेल्या वस्तूचं काय होतं ते तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

मशिनं नेली त्या दिवशी ती शाळेतून थेट आली. चारशे शहाऐंशी तिनंच बंद केलं, आज्ञा देऊन, शिस्तीत. सगळं थांबलं आहे असं पडद्यावर आल्यावर तिनं बटण दाबलं. भंगारवाल्याच्या टेंपोत तिन्ही मशिनं आडवी ठेवली गेली. टेंपो वळणावर गेल्यावर ती आत येऊन नव्या कॉम्प्युटरवर नावं भरायला बसली. नवा प्रोग्रॅम सुबक होता, रंगीत चौकटींचा. न आलेल्यांची यादी मात्र त्यात नव्हती. दुरुस्तीवाला म्हणाला, वर लिहून कळवतो.

यल्लव्वा डिसेंबरात आली. एकटीच, बाकाच्या टोकाला, पदर तोंडाशी धरून. तिच्या थुंकीचा रिपोर्ट घेऊन अंबुबाई आतून आली आणि तिनं तो विमलाच्या हातात दिला. तिचं नाव भरायचं काम विमलाकडे आलं. वय तेहतीस. पत्ता तोच, महादेवपुऱ्याचा, इमारत पुरी झाली होती पण शेड अजून होत्या.

यल्लव्वानं तिला ओळखलं. "तुम्ही आला होता तेव्हा," ती म्हणाली. "ह्यांना न्यायला. स्वल्प आधी आला असता तर बरं झालं असतं."

"हो," विमला म्हणाली. "उशीर माझ्यामुळे झाला."

यल्लव्वा तिच्याकडे बघत राहिली. तिला काय समजलं, किती समजलं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. विमलाला वाटत होतं, ती काहीतरी म्हणेल. रागानं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण यल्लव्वानं हात पुढे केला, गोळ्यांसाठी. विमलानं पाण्याचा पेला दिला. यल्लव्वानं एकेक करून गोळ्या गिळल्या, तोंड उघडून दाखवलं आणि पेला परत केला.

"परवा पुन्हा यायचं," विमला म्हणाली. "लांब पडतं तुम्हाला. तुम्ही नाही आलात तर संध्याकाळी मीच येईन."

"दोन बस आहेत," यल्लव्वा म्हणाली.

"माहीत आहे मला."

ठरल्या दिवशी ती आली नाही. विमला शाळा सुटल्यावर गोळ्या घेऊन निघाली.